नवारीचे दोन पीळ

इवाई,

तुम्ही "कोणाले सांगू नका" म्हणाला होतात, ती गोष्ट मी तुमच्या पोरीला, माझ्या सुनेला, रेणुकाला सांगितली. तुमची तेरवी आटोपून सुलतानपूरहून परत येताना, गाडीतच सांगितली. तुम्ही असतात तर माझ्याकडे एकदा बघितलं असतं आणि जानेफळ येईपर्यंत शब्द काढला नसतात. रागवायचं तर रागवा, पण आधी माझं पूर्ण ऐकून घ्या. कोणाचं पूर्ण ऐकून घ्यायची सवय तुम्हाला कधीच नव्हती. आता इलाज नाही.

तेरवीला तुमच्याबद्दल पुष्कळ जण बोलले. तुमच्या शेवग्याबद्दल बोलले, गावच्या रस्त्यासाठी तुम्ही केलेल्या भांडणांबद्दल बोलले. आपल्या गाडीच्या आवाजाबद्दल कोणीच बोललं नाही. मी उठावं असं फार मनात आलं होतं. पण व्याह्याच्या तेरवीला पिकअपच्या केबिनमध्ये वारा कुठून वाजतो यावर बोलणं बरं दिसलं नसतं. शिवाय मी सुरू केलं असतं तर टायरमधल्या हवेपासून केलं असतं, आणि पंगतीला उशीर झाला असता.

सुरुवात मात्र गाडीपासून नाही, पाण्यापासून करावी लागते.

आपल्या पोरांच्या लग्नाच्या बैठकीत तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "पोरीले लेकरू होऊस्तोर तुमच्या घरचं पाणी आपल्याले चालत नाई. आमच्या घरची रीत हाय." मी मान हलवली. रीत ऐकलेली होती. वर्षा-दोन वर्षांचा प्रश्न, असा माझा अंदाज होता, आणि अंदाज बांधण्यात मी स्वतःला हुशार समजतो. तो चुकला. वर्षं गेली, रेणुकाला लेकरू झालं नाही, आणि रीत तिथेच उभी राहिली.

तुम्ही जानेफळला आमच्या घरी यायचात, अंगणातल्या निंबाखाली खुर्ची ओढून बसायचात. खांद्याला तुमची ती खाकी कापडाची पाण्याची छागल. तहान लागली की बूच काढून तिच्यातलं प्यायचं आणि मिशा पुसायच्या. माझी बायको शोभा दारात उभी राहून टोमणा मारायची, "काऊन इवाई, आमच्या हिरीत काय मगर पडली काय?" तुम्ही हसायचात, मीही हसायचो. रेणुका हसायची नाही. शेजारच्या बायका दुसऱ्या दिवशी तिला म्हणायच्या, "तुहे बाबा आलते वाटते, छागल दिसली." त्या एका वाक्यात दुसरं काय विचारलेलं आहे, ते तिला बरोबर कळायचं.

मग एक दिवस ती तुम्हाला म्हणाली, "बाबा, येत जा. पण ते लटकवून नका येत जाऊ."

त्यानंतर तुम्ही घरी येणंच बंद केलंत. छागल सोडवेना आणि पोरीचं तोंड बघवेना, अशी तुमची गत झाली होती. तुम्ही बोलला नाहीत, मी विचारलं नाही. व्याही व्याह्याला असलं काही विचारत नसतात. निदान आपण तरी विचारत नव्हतो.

पण मी भाजीसाठी पिकअप घेतली आणि तुम्हाला रस्ता सापडला. माझी वांगी, टमाटे, कोथिंबिरीच्या म्हणजे आपल्या सांबाराच्या जुड्या जानेफळहून बुलढाण्याच्या बाजारात जायच्या. तुम्ही शेवग्याच्या पेंढ्या घेऊन सकाळच्या एसटीने मेहकरला उतरायचात, आणि तिथून चिखलीमार्गे बुलढाण्यापर्यंत माझ्या शेजारी. वाटेत रेणुकाची सगळी चौकशी व्हायची. ती जेवते काय, तिचं शिलाईचं काम कसं चाललंय, आमच्या पोरासोबत हसते-बोलते काय. घराचा उंबरठा न ओलांडता तुम्ही पोरीच्या घरी येऊन जायचात.

पहिल्याच दिवशी मी म्हणालो होतो, "इवाई, ही गाडी माझी. हिच्यात बसलेलं चालते तुमाले?"

"गाडी म्हंजे काई घर नोय."

"माझ्या दारात उभी राहते."

"घराले चाकं नसतात."

"बरं. मग ती छागल आत ठेवा. सीटखाली जागा हाय."

"नाई. आत ठेवली म्हंजे पाणी तुमच्या छपराखाली आलं."

"आता तर म्हणाले घर नोय!"

"घर नोय. पण छप्पर हाय ना."

तुम्ही छागल बाहेर बांधलीत. केबिनच्या मागे हौद्याला जी लोखंडी जाळी आहे, तिच्या डाव्या कोपऱ्याला. खाट विणून उरलेली नायलॉनची नवार तुम्ही घरूनच आणली होती. दोन बोटं रुंद पट्टी, वरच्या दांडीला एक टोक, छागलीच्या कडीतून ओवून खालच्या हुकाला दुसरं, आणि मध्ये असा ताण दिला की छागल जागची हलू नये. गाठ बघून मी म्हणालोसुद्धा, काम पक्कं केलं.

आणि त्या दिवसापासून गाडी वाजायला लागली.

पन्नासपर्यंत काही नाही. पंचावन्नलाही काही नाही. काटा अठ्ठावन्नवर आला की सुरू. मेहकर सोडल्यावर रस्ता जिथे सरळ होतो तिथे तर कायमच. मी म्हणायचो, शीळ आहे, म्हणजे कुठेतरी बारीक फट आहे. तुम्ही म्हणायचात, "शीळ नोय, भुंगा हाय. भुंगा डब्यात कोंडला की असाच करते." हा वाद आपण चिखलीपर्यंत चालवायचो. आवाज इतका की शेवटी दोघांनाही ओरडून बोलावं लागायचं. रेणुकाची चौकशी ओरडून करता येत नाही. तुम्ही एकदा "सुखात हाय ना पोरगी?" एवढं विचारायला मला गाडीचा वेग पन्नासवर आणायला लावलात. तेव्हाच मी ठरवलं, हा आवाज काढायचाच.

तुम्हाला माझी पद्धत माहीत आहे. एका वेळी एकच बदल, तोच रस्ता, तोच वेग, काचा बंद. आधी दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढून बघायची. सहज निघाली तर रबर ढिलं. डावीकडे वरच्या कोपऱ्यात निघाली. मेहकरच्या मिस्त्रीकडून रबर बदललं. आवाज तसाच. मग पेंटर लोक वापरतात ती कागदी चिकटपट्टी आणली आणि समोरच्या काचेची कड, टपाची शिवण, दिव्यांच्या फटी, सगळं बुजवलं. गाडी हळद लागलेल्या नवऱ्यासारखी दिसत होती. तुम्ही मेहकरच्या स्टँडवर तिच्यात बसायला तयार नव्हता. "लोक काय म्हणतीन?" म्हणालात. आवाज तसाच. मग आरशांना फडकी गुंडाळली. एरियल काढलं. वायपर काढले. आवाज तसाच.

खरं कोडं पुढेच होतं. तुम्ही नसताना गाडी वाजत नव्हती.

मी एकटा त्याच रस्त्याने अठ्ठावन्नने गेलो, साठने गेलो, पासष्टने गेलो. चिडीचूप. दुसऱ्या फेरीला तुम्ही बसलात की भुंगा हजर. मी तुम्हाला तसं सांगितलं, तर तुम्ही माझ्याकडे टक लावून बघितलंत.

"म्हंजे मी वाजतो?"

"तसं नाही. वजनाचा प्रश्न असू शकते. तुम्ही बसले की सीट दबते, दाराचा पत्रा किंचित सरकते."

"मंग?"

मग काय, मी तुमच्या वजनाचं सोयाबीनचं पोतं तुमच्या जागेवर ठेवलं. बहात्तर किलो, काट्यावर मोजून. वर सीटबेल्ट लावला. चिखलीपर्यंत नेलं आणि आणलं. आवाज नाही. हे कळल्यावर तुम्ही जे बोललात ते शोभाला आजही पाठ आहे: "मले पोत्यात मोजता काय इवाई? आन् पोतं गप बसलं म्हून मी दोषी?"

तरी तुम्ही माझ्या प्रयोगांना कधी नाही म्हणाला नाहीत. चपला काढून बसलात. उपरणं सीटखाली दाबून बसलात. एकदा मला तुमच्या कवळीचा संशय आला. ते कसं बोलावं याचा मी बराच विचार केला आणि शेवटी सरळच विचारलं. तुम्ही काही न बोलता ओठ घट्ट मिटलेत आणि त्या सरळ रस्त्यावर पूर्ण वेळ तसेच बसलात. भुंगा वाजतच होता. मला वाटतं, एवढा वेळ तुम्ही तोंड बंद ठेवल्याचा तो एकमेव प्रसंग. रस्ता संपल्यावर तुम्ही पहिलं वाक्य बोललात, "आता मुंडकं काढून ठेवू काय?"

आज विचार करतो तर मला माझंच नवल वाटतं. गाडीवरच्या प्रत्येक वस्तूची मी तपासणी केली. छागलीची केली नाही. ती डोळ्यांपुढे होती. पण माझ्या लेखी ती गाडीची नव्हतीच, तुमची होती. आणि तिला हात लावायचा म्हणजे तुमच्या पाण्याला हात लावायचा. माझा हात लागला तर ते आमच्या घरचं पाणी होणार की काय, ही मला धास्ती. तुमची रीत मी तुमच्याइतकीच कडक पाळत होतो, आणि ती आपल्या दोघांच्या कानाशी वाजत होती.

त्या दिवशी ऊन होतं. भाजी विकून आपण बुलढाण्याहून परत निघालो होतो. चिखली मागे पडली होती, काटा साठवर, भुंगा जोरात. तुम्हाला तहान लागली. छागलीत पाणी उरलंय की नाही ते बघायला तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढलात आणि मागे नेऊन तिला चाचपलंत.

आवाज बंद.

तुम्ही हात आत घेतला. आवाज सुरू.

मी म्हणालो, "इवाई, पुन्हा हात लावा."

"कायले?"

"लावा तर."

बंद. सोडला, सुरू. मी पुन्हा म्हणालो, तुम्ही पुन्हा लावलात. मी गाडी बाजूला घेतली, एका बाभळीच्या सावलीत.

खाली उतरून बघितलं. ताणलेली नवार. चपटी पट्टी, वारा तिच्या कडेवर आदळायचा आणि ती थरथरायची. तुमचं काम इतकं पक्कं होतं म्हणूनच ती वाजत होती. ढिली बांधली असती तर नुसती फडफडली असती. तुम्ही छागल काढून हौद्यात आडवी ठेवलीत. आपण थोडं पुढे जाऊन आलो. साठला चिडीचूप. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. लग्नातल्या भेटीनंतर तुम्ही मला पहिल्यांदा हात लावला तो तेव्हा.

मला तेवढ्यावर थांबता आलं नाही. माझा स्वभाव. मी म्हणालो, एक गोष्ट करून बघू. छागल पुन्हा तिथेच बांधायची, पण नवारीला दोन पीळ द्यायचे. पट्टी पिळली की वाऱ्याला सरळ कड सापडत नाही. "मी हात लावू?" असं विचारून मीच बांधली. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. साठला चिडीचूप, पासष्टला चिडीचूप.

"झालं," मी म्हणालो. "छागल काढायची गरजच नाही. दोन पीळ पुरे."

मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही बाभळीखाली उभे राहून त्या पिळाकडे बघत राहिलात. मग पुढे झालात, गाठ सोडलीत, बूच काढलंत आणि छागलीतलं उरलेलं सगळं पाणी बाभळीच्या बुडात ओतलंत.

"इवाई," तुम्ही म्हणालात, "तुमच्यापाशी पाणी हाय काय?"

होतं. रोज रेणुका सकाळी भरून द्यायची ती बाटली. मी दिली. तुम्ही तोंड लावून प्यायलात, अर्धीच्या वर. मिशा पुसल्यात.

"हे पीळ दिल्याचं कोणाले सांगू नका."

"काऊन?"

"मंग छागल काढायले कारण उरत नाई."

त्या दिवशी तुम्ही मेहकरला उतरला नाहीत. जानेफळला आलात. अंगण ओलांडून, चपला काढून बैठकीत येऊन बसलात आणि शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालात, "रेणुके, पाणी आण वं पोरी."

ती आतून आली ती आधी रिकाम्या हातानेच. तुमच्या खांद्याकडे बघितलं. मग आत गेली. पेला आणायला एवढा वेळ लागत नाही. तोवर शोभा म्हणाली, "इतके वर्सं आमचं पाणी खारं होतं काय?"

"खारं नोयतं इहीणबाई. गाडी वाजत होती. छागलीनं वाजत होती. इवायानं शोधून काढलं. मंग काढा लागली ना छागल!"

हेच तुम्ही पुढे सुलतानपूरभर सांगितलंत. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी रीत मोडल्याचं विचारलं, तर तुम्ही त्यांना वारा, वेग आणि नवार समजावून सांगायचात, तेही चुकीचं. म्हातारे कंटाळून गप्प बसायचे. मी समोर असलो तर माझी साक्ष काढायचात, "इचारा इवायाले, वाजत होती का नाई?" मी म्हणायचो, "वाजत होती." त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्यानंतरची वर्षं आपली चांगली गेली. लेकरू झालं नाही. त्यांचं ते बघतील. आम्ही विचारत नाही, आणि अंगणात कोणी काही विचारलं तर शोभा बघून घेते. तुम्ही चहा प्यायचात, अर्धा कप म्हणून पूर्ण प्यायचात. रेणुकाच्या शिलाई मशीनशेजारी खुर्ची टाकून तिला काज-बटण कसं लावावं ते शिकवायचात, जे तुम्हाला येत नव्हतं. ती तुम्हाला "बाबा, तुम्ही चूप बसा न जी" म्हणायची, आणि तुम्ही ते माझ्याकडे बघून ऐकायचात, जणू मीच सांगितलंय तिला.

एक प्रश्न मात्र राहूनच गेला. आपला तो जुना वाद, तुमची रीत नेमकी मोडली कुठे? मी म्हणत होतो बाभळीखाली, कारण बाटली आमच्या घरची. तुम्ही म्हणत होता, बाहेर प्यायलेलं मोजत नाही, रीत मोडली ती बैठकीत. याचा निकाल लागला नाही. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा मला वाटलं होतं की हरलो असं म्हणून टाकावं. म्हणालो नाही. तुम्हाला संशय आला असता की प्रकृती फारच बिघडलीय.

आता तेरवीचं सांगतो. निघताना तुमच्या मुलाने रेणुकाला विचारलं, बाबांचं काही हवं काय. तिने छागल मागितली. भिंतीवर खुंटीला होती, कडीत नवार तशीच. मांडीवर घेऊन ती तुमच्या जागेवर बसली. मेहकर मागे पडल्यावर म्हणाली, "मामाजी, खरंच या छागलीचाच आवाज होता?"

मी म्हणालो, "हो."

आणि इवाई, मला पुढचं ठेवता आलं नाही. बाभळीखालचं सगळं सांगितलं. दोन पीळ सांगितले. पीळ दिल्यावर साठला, पासष्टला आवाज नव्हता हे सांगितलं. तुमच्या हयातीत मी एक अक्षर काढलं नव्हतं, हे तुम्ही धरा.

ती समोर रस्त्याकडे बघत होती. म्हणाली, "म्हणजे बाबांले माहीत होतं? छागल ठेवली तरी चाललं असतं?"

"माहीत होतं. मीच सांगितलं होतं."

तिने गाडी थांबवायला सांगितली. रसवंतीवाल्याच्या नळावर छागल भरून आणली आणि म्हणाली, "बाबा बांधायचे तशी बांधा." मी जाळीच्या डाव्या कोपऱ्याला बांधली. वरच्या दांडीला एक टोक, खालच्या हुकाला दुसरं. माझा हात आपोआप पीळ द्यायला गेला. ती म्हणाली, "पीळ नका देऊ. मले ऐकायचं हाय."

जानेफळकडे जाणारा तो रस्ता काही तेवढा सरळ नाही, पण एक टप्पा आहे. पंचावन्नला काही नाही. अठ्ठावन्नला आला. तोच, तेवढाच, तिथूनच. तिने काचेला कान लावला. पदराने डोळे पुसले, पुन्हा कान लावला, आणि मग हसायलाच लागली. तुम्ही गेल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

मी म्हणालो, "बघ, शीळ आहे की नाही?"

"नाई मामाजी," ती म्हणाली. "भुंगा हाय. डब्यात कोंडलेला."

तेव्हा इवाई, मतं आता दोनास एक अशी आहेत. मी माझं मत बदललेलं नाही. पण गाडी मोजूनमापून अठ्ठावन्नवरच चालवतो आहे.